चाक फिरते, वाट सरत नाही : घरातल्या सायकलीचा आणि माणसाच्या उमेदीचा इतिहास

१/
रस्त्यावर दोन तास सायकल सहज चालवणाऱ्या माणसाला बंद खोलीतल्या व्यायामाच्या सायकलीवर अर्धा तास काढणे जड जाते. पाय तेच, श्वास तोच, घाम तर अधिकच. तरीही दहाव्या मिनिटाला नजर घड्याळाकडे वळते आणि काटा हललेलाच नसतो. हा आजच्या पिढीचा आळस म्हणावा, तर तसे नाही. जागच्या जागी चाक फिरवताना माणसाचे मन का विटते आणि ते कशाने टिकते, या प्रश्नाशी माणसे किमान सव्वादोनशे वर्षे झगडत आली आहेत. त्यांत वैद्यकीय यंत्रे बनवणारे होते, तुरुंगाधिकारी होते, मानसशास्त्रज्ञ होते, बँडवालेही होते. त्या झगड्याचा हा थ्रेड.

२/
सुरुवात सायकलीच्याही आधीची आहे. १७९६ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्स याने ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. एक लाकडी चौकट, तिच्यात पायांनी दाबण्याच्या फळ्या, हातांनी फिरवण्याचे दांडे आणि या सर्वांना जोडणारी चाके. सांधे आखडलेल्या रुग्णांना आणि बैठे काम करणाऱ्यांना घरातच व्यायाम मिळावा, हा उद्देश. पायाने चालणाऱ्या दोन चाकांच्या सायकलीला अजून बरीच दशके अवकाश होता. म्हणजे रस्त्यावरच्या सायकलीच्या आधी खोलीतले चाक आले, असे म्हणता येते.

३/
या यंत्राची त्या काळी जी जाहिरात झाली, तिच्यातला एक मुद्दा लक्षणीय आहे. व्यापाऱ्याने हिशेबाच्या वह्यांवरची नजर न हटवता आणि विद्यार्थ्याने वाचन-लेखन न थांबवता पाय चालवत राहावे, अशी सोय यात असल्याचे सांगितले गेले. म्हणजे हा व्यायाम कंटाळवाणा आहे हे पहिल्याच दिवशी गृहीत धरले होते. त्यावरचा उपायही तेव्हाच सुचला होता : शरीर यंत्रावर ठेवा, मन दुसरीकडे पाठवा. आज सायकलीच्या दांड्यावर मोबाइल टेकवून मालिका पाहणारा माणूस हाच १७९६ चा उपाय करत असतो.

४/
मन दुसरीकडे जाऊच दिले नाही तर काय होते, हे पुढच्या पिढीने पाहिले. १८१८ मध्ये विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगांसाठी ‘ट्रेडव्हील’ तयार केले. लांबलचक आडवा दंडगोल, त्यावर पाणचक्कीसारख्या पायऱ्या, वर धरायला एक आडवी दांडी. कैदी एका रांगेत उभे राहून पायरी चढत. पायरी खाली जाई. ते पुन्हा चढत. १८२१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात असे मोठे चाक बसले आणि काही वर्षांतच ते ब्रिटनभरच्या तुरुंगांत पसरले. पुढे १८९५ मध्ये पेंटनव्हिल तुरुंगात आणलेल्या ऑस्कर वाइल्डलाही या चाकावर चढावे लागले.

५/
या चाकावरून काय काय काढून घेतले होते, ते नीट पाहण्यासारखे आहे. अनेक तुरुंगांत कैद्यांच्या मध्ये लाकडी आडोसे होते, म्हणून शेजारचा दिसत नसे. बोलण्यास मनाई होती. समोर भिंत होती. वेग चाकाचा होता, कैद्याचा नव्हे. दमला म्हणून पाय मंदावण्याची मुभा नव्हती. काही ठिकाणी चाकाने धान्य दळले जाई किंवा पाणी उपसले जाई, पण अनेक ठिकाणी त्याला काहीच जोडलेले नसे. अशा चाकावर चढणाऱ्यांना आपण ‘वारा दळतो’ आहोत असे वाटे, आणि ते तसे म्हणतही.

६/
न्यूयॉर्कच्या तुरुंगात १८२२ मध्ये असे चाक आले. १८२४ मध्ये जेम्स हार्डी याने त्यावर पुस्तक लिहिले आणि एक निरीक्षण नोंदवले : या शिक्षेची दहशत तिच्या कष्टात नसून तिच्या एकसुरी सातत्यात आहे. आजही या विषयावर याहून नेमके विधान सापडणे अवघड आहे. शेतातले किंवा बंदरावरचे काम याहून कष्टाचे असू शकते. पण तिथे नांगरलेली जमीन दिसते, रिकामे झालेले जहाज दिसते. ट्रेडव्हीलवर संध्याकाळी मागे वळून पाहिले तर सकाळचीच पायरी असे. घाण्याला जुंपलेल्या बैलाच्या डोळ्यांवर निदान झापड तरी बांधतात.

७/
घाण्याचा उल्लेख इथे केवळ म्हणीपुरता नाही. त्याच साम्राज्याच्या अंदमानातील सेल्युलर जेलमध्ये राजकीय कैद्यांना खोबऱ्याचे तेल काढण्यासाठी ‘कोलू’ला जुंपले जाई. वि. दा. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मुळे मराठी वाचकाला तो कोलू परिचित आहे. तिथे चाकातून काही निघत असे, पण ते दुसऱ्याचे, आणि किती निघाले पाहिजे हेही दुसराच ठरवी. कष्टाचे फळ दिसणे पुरेसे नसते, हे कोलूने दाखवले. ते फळ कोणासाठी आणि थांबायचे केव्हा हे ठरवण्यात चाक फिरवणाऱ्याचा वाटा शून्य असेल, तर चाक शिक्षाच राहते.

८/
आता दुसरे टोक. १८९१ पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सायकलींच्या सहा दिवसांच्या शर्यती होऊ लागल्या. छपराखाली, लाकडी ट्रॅकवर, गोल गोल. सहा दिवसांत ज्याचे अंतर सर्वाधिक तो विजेता. सहाच दिवस, कारण रविवारी शर्यत चालवायची नाही. झोपावे की नाही, किती झोपावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे; पण झोपलेल्या माणसाचे अंतर वाढत नाही. तुरुंगातल्या चाकावर जे जे नव्हते ते सारे इथे होते : प्रेक्षक, बक्षीस, प्रतिस्पर्धी, संगीत आणि क्षणाक्षणाला बदलणारे आकडे. उमेद वाढवणाऱ्या साऱ्या गोष्टी एका छपराखाली आणल्या होत्या.

९/
परिणाम भयंकर झाला. १८९६ च्या शर्यतीत मेजर टेलर हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय सायकलपटू उतरला होता. तो पुढे १८९९ मध्ये जगज्जेता झाला. शर्यतीच्या अखेरीस निद्रेअभावी त्याला भास होऊ लागले. हातात सुरी घेतलेला कोणी आपला पाठलाग करतो आहे, म्हणून आता पुढे जाणे धोक्याचे आहे, असे तो सांगू लागला. पुढच्या वर्षी चार्ल्स मिलर याने सहा दिवसांत २,०९३ मैल, म्हणजे सुमारे ३,३६८ किलोमीटर अंतर एकट्याने कापले. मुंबई ते दिल्ली आणि परत मुंबई एवढे अंतर झाले तरी तो थांबला नसता. एकाच इमारतीत, सहा दिवसांत. वृत्तपत्रांतून अशा शर्यतींवर कठोर टीका होऊ लागली.

१०/
अखेर न्यूयॉर्क राज्याने कायदा केला : कोणत्याही सायकलपटूला दिवसातून बारा तासांहून अधिक काळ शर्यतीत चालवायचे नाही. १८९९ पासून आयोजकांनी त्यातून मार्ग काढला आणि दोघादोघांचे संघ केले. एकाने चालवायचे, दुसऱ्याने विसावा घ्यायचा. त्यातूनच ‘मॅडिसन’ हा शर्यतीचा प्रकार जन्मला. तो आजही ऑलिंपिकमध्ये त्याच इमारतीचे नाव घेऊन खेळला जातो. थकलेल्या शरीरावर बाहेरून उमेदीचा मारा केला तर माणूस स्वतःहून थांबत नाही आणि त्याला थांबवायला कायदा लागतो, हा या प्रकरणाचा अर्थ.

११/
याच वर्षांत इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिपलेट हा सायकलवेडा अभ्यासक एक कोडे सोडवत होता. त्याने सायकल शर्यतींच्या अधिकृत नोंदी घेतल्या आणि तीन गट केले : एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवणारे, पुढे वेग धरून देणारा सोबती असलेले, आणि प्रतिस्पर्ध्यांसोबत लढणारे. एकटा सायकलपटू सर्वांत मंद होता, आणि फरक मोठा होता. पण कारण कोणते? पुढचा माणूस वारा अडवतो म्हणून, की सोबत असण्यानेच अंगात बळ येते म्हणून? रस्त्यावर ही दोन कारणे वेगळी करणे शक्य नव्हते.

१२/
म्हणून ट्रिपलेट खोलीत गेला. वारा नसलेली जागा त्याला हवी होती. मासेमारीच्या गळाची दोन रिळे त्याने एका चौकटीवर बसवली आणि चाळीस मुलांना ती फिरवायला लावली, कधी एकटे, कधी दुसऱ्या मुलाशेजारी. १८९८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि सामाजिक मानसशास्त्रातील आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. एका अर्थाने घरातल्या सायकलीचे मानसशास्त्र इथे सुरू होते : वारा नाही, रस्ता नाही, फक्त हाताखाली फिरणारे चाक आणि शेजारी एक माणूस.

१३/
ट्रिपलेटची गोष्ट सांगताना बहुधा एवढेच सांगितले जाते की सोबतीने वेग वाढला. त्याचे आकडे अधिक प्रामाणिक होते. चाळीसांपैकी वीस मुलांचा वेग स्पर्धेत वाढला. दहा मुलांवर फारसा परिणाम झाला नाही. उरलेल्या दहा मुलांचे काम शेजारी कोणी असल्यामुळे बिघडले. ती अतिउत्तेजित झाली, हात कडक झाले, लय गेली. २००५ मध्ये मायकल स्ट्रूब याने आधुनिक संख्याशास्त्राने हे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा सोबतीचा एकूण परिणाम समजला जातो त्याहून बराच क्षीण निघाला. मात्र बिघडलेल्या दहा मुलांची नोंद महत्त्वाची राहते. स्पर्धा सर्वांना एकसारखी मानवत नाही, हे पहिल्याच प्रयोगात लिहून ठेवलेले होते.

१४/
तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १८९८ मध्ये ब्रिटनच्या तुरुंग कायद्याने ट्रेडव्हील बंद केले. त्याच वर्षी ट्रिपलेटचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एकट्याने चालवायची सहा दिवसांची शर्यत संपली. या घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकाच प्रश्नाचे तुकडे सापडत होते. उमेद पूर्ण काढून घेतली तर चाक म्हणजे छळ. ती बाहेरून बेसुमार ओतली तरीही छळच. आणि या दोहोंच्या मधली मात्रा माणसागणिक वेगळी.

१५/
विसाव्या शतकात त्या मात्रेचा शोध सुरू झाला. पहिला उमेदवार संगीत. अमेरिकन अभ्यासक लेनर्ड एअर्स याने सहा दिवसांच्या शर्यतीतच वेगाची मोजणी केली आणि १९११ मध्ये निष्कर्ष मांडला : बँड वाजत असताना सायकलपटूंचा सरासरी वेग ताशी १९.६ मैल, बँड थांबल्यावर १७.९ मैल. म्हणजे सुमारे ३१.५ आणि २८.८ किलोमीटर. बँडच्या वेळी प्रेक्षकांची गर्दीही अधिक असेल, तर श्रेय नेमके कोणाचे, असा आक्षेप घेता येतो. पुढील संशोधनाने मात्र मूळ मुद्द्याला दुजोरा दिला : हलक्या आणि मध्यम कष्टात संगीतामुळे तेच काम सोपे भासते. कष्ट अगदी टोकाला गेले की शरीराचा आवाज गाण्याहून मोठा होतो आणि गाण्याचा उपयोग घटतो.

१६/
महाराष्ट्रातल्या बायकांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नाही. पहाटे जात्यावर बसणे हेही जागच्या जागी चाक फिरवणेच. पण जात्याच्या घरघरीला ओवीची लय मिळाली, समोर खुंट्याला हात लावायला जाऊ किंवा नणंद बसली, आणि दळण संपले हे पिठाच्या राशीवरून दिसू लागले. लय, सोबत आणि शेवट या तिन्ही गोष्टी तिथे होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, यावरून त्या दळणात मनाला किती जागा होती ते कळते. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गिरणी येताच बायकांनी जाते बाजूला सारले. पण जोवर ते फिरवावे लागत होते, तोवर ते मुक्याने फिरवले गेले नाही.

१७/
दुसरा उमेदवार म्हणजे डोळ्यांना दिसणारी प्रगती. १९१२ च्या टायटॅनिक जहाजावर व्यायामशाळा होती आणि तिच्यात जागेवरच्या दोन सायकली होत्या. समोर एक मोठी तबकडी, तिच्यावर एक तांबडा आणि एक निळा काटा. दोघे पायडल मारू लागले की काटे पुढे सरकत आणि ४४० यार्डांची शर्यत तबकडीवर रंगे. समुद्राच्या मधोमध, जागच्या जागी! पुढे ब्रिटनमध्ये रोलरवरच्या शर्यती नृत्यगृहांत आणि चित्रपटगृहांत भरत, तेव्हाही प्रेक्षकांसमोर हीच युक्ती असे. सायकली एका जागी, रंगीत काटे पुढे. डोळ्यांना काटा सरकताना दिसला की पायांना वाट सरल्यासारखी वाटते.

१८/
मोजमाप जसे शास्त्रशुद्ध झाले तसा एक नवा धोका आला : यंत्राचा आकडा हेच सत्य मानण्याचा. १९५४ मध्ये स्वीडनच्या विल्हेल्म फॉन डोबेल्न याने अचूक मोजमाप देणारा सायकल एर्गोमीटर बनवला आणि शरीरविज्ञानाला मोठे साधन मिळाले. त्याच देशातील गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाने एर्गोमीटरवर बसलेल्या माणसालाच विचारायचे ठरवले : ‘तुम्हाला किती कष्ट जाणवतात?’ त्यासाठी त्याने ६ ते २० अशी मोजपट्टी केली. ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत, २० म्हणजे याहून अधिक शक्य नाही. निरोगी माणसात या आकड्याला दहाने गुणले की हृदयाचे ठोके ढोबळमानाने मिळतात, म्हणून ही विचित्र सुरुवात सहापासून.

१९/
बोर्गचे महत्त्व इथे आहे. ट्रेडव्हीलवरच्या कैद्याला किती कष्ट होतात हे कोणी विचारले नव्हते. मेजर टेलरने सांगितले, तेव्हा तो भासांच्या पलीकडे गेला होता. बोर्गने चाक फिरवणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दाला विज्ञानात आकड्याचा दर्जा दिला. आज हृदयरोगातून सावरणाऱ्या रुग्णाला सायकलीवर बसवले जाते तेव्हा ही मोजपट्टी वापरली जाते. यंत्र काय म्हणते, याच्या शेजारी माणूस काय म्हणतो, ते लिहिले जाते.

२०/
१९९० च्या दशकात हा व्यायाम सामूहिक झाला. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला आणि लॉस एंजेलिसला स्थायिक झालेला लांब पल्ल्याचा सायकलपटू जॉनी गोल्डबर्ग याने स्वतःच्या सरावासाठी एक जड चाकाची सायकल बनवली आणि तीवर वर्ग घेऊ लागला. त्याचेच नाव ‘स्पिनिंग’. या सुरुवातीच्या सायकलींवर वेग किंवा अंतर दाखवणारा पडदा नव्हता. होती ती घर्षण कमी-जास्त करण्याची एक कळ. संगीत लागे आणि शिक्षक बोलू लागे : आता चढ आला, आता सपाटी. आकडा काढून टाकून त्याने लय, सोबत आणि कल्पनेतली वाट परत आणली. कळ मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या हातात. शेजारचा किती जोर लावतो हे कोणाला कळत नसे. ट्रिपलेटच्या त्या दहा मुलांना हा वर्ग मानवला असता.

२१/
पुढच्या पिढीने आकडा परत आणला. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या पेलोटॉनने घरच्या सायकलीच्या पडद्यावर शिक्षक आणि क्रमवारी दोन्ही दिले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या झ्विफ्टने तर अख्खे काल्पनिक बेट उभे केले; पडद्यावर चढ आला की सायकल खरोखर जड होते. गंमत अशी, की तिथे पुढच्या स्वाराच्या मागे राहिल्यास वारा कमी लागल्याचा लाभही मिळतो. ज्या वाऱ्याला टाळण्यासाठी ट्रिपलेट खोलीत गेला, तो वारा संगणकाने खोलीत परत आणला. २०२० च्या टाळेबंदीत व्यावसायिक सायकलपटूंनी याच बेटावर शर्यती केल्या आणि ९ डिसेंबर २०२० रोजी पहिली अधिकृत जागतिक ई-स्पर्धा झाली. पुरुषांत जिंकलेला जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न हा मुळात नौकानयनपटू होता.

२२/
पण यंत्राने दिलेली उमेद किती टिकते, याचे उत्तरही लगेच मिळाले. टाळेबंदी उठली आणि लोक रस्त्यावर परतले. २०२१ च्या आरंभी सुमारे ५० अब्ज डॉलर मोल असलेल्या पेलोटॉनला फेब्रुवारी २०२२ मध्ये २,८०० नोकऱ्या कमी कराव्या लागल्या आणि संस्थापक जॉन फोली यांना मुख्याधिकारीपद सोडावे लागले. सायकली तशाच होत्या, पडदेही तेच होते. मात्र टाळेबंदीत त्या पडद्याने जी सोबत दिली होती, ती आता लोकांना बाहेर मिळत होती.

२३/
या सव्वादोनशे वर्षांतून हाती काय लागते? जागच्या जागी चाक फिरवताना मन विटते ते कष्टाने नव्हे. वाट, सोबत, लय आणि शेवट या चार गोष्टी रस्त्यावर आपोआप मिळतात. खोलीत त्या आणाव्या लागतात. म्हणून ‘थोडा वेळ’ चालवण्यापेक्षा वीस मिनिटे ठरवून चालवणे सोपे जाते. म्हणून गाणे हलक्या टप्प्यात लावावे आणि कठीण टप्प्यात त्याच्यावर विसंबू नये. स्पर्धेने बळ येत असेल तर क्रमवारी पाहावी, हात कडक होत असतील तर पडदा झाकावा. आणि मधूनमधून बोर्गचा प्रश्न स्वतःला विचारावा.

२४/
क्यूबिटचे चाक आणि आजची सायकल यांतला सर्वांत मोठा फरक पडद्याचा किंवा संगीताचा नाही. आजच्या सायकलीवरून उतरता येते. कैद्याला तो अधिकार नव्हता, कोलू ओढणाऱ्याला नव्हता, आणि सहा दिवसांच्या शर्यतीतल्या स्वाराने तो बक्षिसापायी गमावला होता. एखाद्या दिवशी पंधराव्या मिनिटाला उतरावेसे वाटले आणि माणूस उतरला, तर तो हरला असे इतिहास म्हणत नाही. स्वतःच्या इच्छेने उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःच्या इच्छेने पुन्हा चढू शकतो, आणि रोजचा व्यायाम टिकतो तो एवढ्यावरच.

(थ्रेड समाप्त)